ग्वाल्तेरचा गुडघा आणि पिवळं फाटक

घोट्यापर्यंत पाय छान जमला होता, गुडघ्याशी मी अडले. संत आमारोला नवसाचा पाय वाहायचा तर तो गोड पावाच्या पिठाचा, अंडी-लोणी घातलेला हवा, आणि बघणाऱ्याला तो पाय आहे हे कळायला हवं. गेल्या वर्षी शेजारच्या जोर्दांवच्या बायकोने वाहिलेला हात सगळ्या गावाला मासा वाटला होता. मी अंगठ्याने गुडघ्याची गोलाई दाबत होते, तेवढ्यात रस्त्यावर ग्वाल्तेरच्या गाडीचा भोंगा वाजला. एकदा, मग दोनदा, मग हात भोंग्यावरच विसरल्यासारखा. मी पायावर ओलं फडकं टाकलं आणि पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर गेले.

ग्वाल्तेर हा माझा धाकटा दीर. पाय त्याच्याचसाठी होता, हे त्याला माहीत नव्हतं.

“वहिनी,” तो गाडीतूनच म्हणाला. खाली उतरणं तो हल्ली शक्यतो टाळायचा. “संपलं सगळं.”

“काय संपलं, भावजी? पेट्रोल का?”

“वाट संपली. बेलमीराची वाट. आता तिला वर आणावं लागणार, तुझ्याकडे.”

ते ऐकून मी गाडीचं दार उघडलं आणि त्याला दंडाला धरून खाली उतरवलं. बेलमीरा माझी नणंद. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. माझ्या लग्नात माझ्या डोक्यावरच्या पांढऱ्या जाळीची लांबी तिने टेपने मोजली होती, आणि तेव्हापासून आमच्यात प्रेम आहे. मात्र मध्ये चारशे मीटर उंचीचा कडा असेल तेव्हाच ते टिकतं. ती खाली फाजांला राहते, कड्याच्या पायथ्याशी, समुद्राने मोठ्या मनाने सोडलेल्या त्या चिंचोळ्या पट्टीवर. तिथे संत आमारोचं देऊळ आहे, सात घरं आहेत, आणि सातांपैकी एकाच घरातून धूर निघतो. गाडीरस्ता नाही. एक पायवाट, उतरायला दीड तास, चढायला ज्याचा त्याचा देव जाणे.

पण आधी ग्वाल्तेरबद्दल सांगायला हवं. या माणसाने एकतीस वर्षं या बेटावर टपाल वाटलं, आणि सगळं पायी. कॅनडाहून कुणाच्या मुलाचं पत्र आलं की दाराशी पोचायच्या आधी तो चेहरा असा करायचा की पाकीट न फोडताच घरच्यांना कळावं, लग्न आहे की मयत. पाकिटं तो उघडत नसे, असं तो शपथेवर सांगतो. मी त्याला शपथ घ्यायला कधी लावली नाही, कारण शपथ ही पवित्र गोष्ट आहे.

निवृत्त झाला आणि महिनाभर घरात बसून बायकोला टपालासारखं या खोलीतून त्या खोलीत फिरवत राहिला. मग मुख्य भूमीवरची एक कंपनी आली. तिचा धंदा असा: लोकांना आपलं आपण चालायची सुट्टी विकायची. आपलं आपण म्हणजे बरोबर वाटाड्या नाही, कुणी नाही. हातात फक्त कागद. त्या कागदावर लिहिलेलं असतं की कुठून निघा, कुठे वळा, कुठे थांबून समुद्राकडे बघा. माणसं त्यासाठी विमानाने येतात, मग बोटीने येतात, मग आमच्या ज्वालामुखीच्या पाठीवरून दिवसभर चालतात, आणि संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगतात की आज सगळं आम्ही एकट्याने केलं. त्यांच्या बॅगा ग्वाल्तेरने आणलेल्या असतात. अंथरूण मी घातलेलं असतं. दुपारचा पाव-चीज मी बांधून दिलेला असतो. वाटेवरचं गवत जोर्दांवने कापलेलं असतं. इतकं एकट्याने चालायला मलाही आवडेल.

ग्वाल्तेरकडे दोन कामं. एक, गाडीतून बॅगा पुढच्या मुक्कामी पोचवणं. दुसरं, कागदावरच्या खुणा बरोबर आहेत की नाही हे दर हंगामाच्या आधी स्वतः चालून बघणं आणि चुकलेलं दुरुस्त करून कंपनीला कळवणं. दुसरं काम त्याला फार आवडायचं. कागदाच्या खाली बारीक अक्षरात छापलेलं असे: खुणा तपासल्या, ग्वाल्तेर सिल्वेइरा. ती ओळ तो चष्मा लावून वाचायचा, चष्मा काढून वाचायचा.

आणि दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा गुडघा गेला.

हे कंपनीला माहीत नव्हतं. गावाला माहीत होतं, पण कुणी बोलत नव्हतं, कारण ग्वाल्तेर स्वतः बोलत नव्हता. दर वर्षी तो वाटेच्या तोंडाशी गाडी उभी करायचा, दोन तास गाडीत बसायचा, आणि येऊन सांगायचा, “तपासली.” डोळे मिटले की त्याला वाट दिसते, हे खरंच आहे. फक्त ती दोन वर्षांपूर्वीची दिसते. काही ठिकाणी तर त्याच्याही आधीची.

रोज सकाळी तो कड्याच्या टोकाशी जायचा. खाली बेलमीरा भिंतीवर पांढरं फडकं वाळत घालते. ते दिसलं की बहीण ठीक आहे. मग तो तीनदा भोंगा वाजवायचा. औषधं, कॉफी, साखर मात्र भोंग्याने खाली जात नाही. त्यावर ग्वाल्तेरने जो उपाय काढला त्याचं मला आजही कौतुक आहे. कागदात त्याने एक ओळ घातली: “पिवळ्या फाटकावरच्या पेटीत एक पुडकं असेल. ते खाली शेवटच्या घरी द्यावं. इथली जुनी रीत आहे.” जुनी रीत बावीस महिन्यांची होती. पण चालणाऱ्यांना ती इतकी आवडली की त्यांच्यात पुडक्यासाठी भांडणं व्हायची. म्हणजे त्यांच्या बॅगा ग्वाल्तेर वाहायचा, आणि बेलमीराची साखर ते वाहायचे, आणि त्यासाठी त्यांनीच कंपनीकडे आगाऊ पैसे भरलेले असायचे.

तर त्या बुधवारी सकाळी कंपनीच्या कचेरीतल्या मुलीने ग्वाल्तेरला फोन केला होता. तिला तो दर नाताळला चीज पाठवतो. ती म्हणाली, ईस्टरपासून चार माणसं तुमच्या वाटेवर चुकली. उद्या एक बाई येत्येय, नाव मफाल्दा, एकटीच. ती पर्यटक नाही, कचेरीतलीच आहे, कागद घेऊन वाट तपासणार. तीही चुकली तर ही वाट यादीतून काढून टाकणार आणि माणसांना वरच्या डांबरी रस्त्याने नेणार.

डांबरी रस्त्याने गेले तर पुडकं जाणार नाही. कुणी चाललं नाही तर जोर्दांव गवत कापणार नाही, आणि आमचं गवत तीन महिन्यांत कमरेएवढं होतं. मग बेलमीरा वर. माझ्याकडे. समोरच्या बेटावरचा पिको डोंगर दिसतो त्या खोलीत.

“कागद आण,” मी म्हटलं. “वाच.”

माझ्या टेबलापाशी पाय लांब करून बसून त्याने वाचलं. तोपर्यंत जोर्दांवही आला होता; भोंगा सगळ्या गावाने ऐकला होता.

“पिवळ्या फाटकातून आत शिरा,” ग्वाल्तेरने वाचलं.

“माझं फाटक हिरवं आहे,” जोर्दांव म्हणाला.

“पिवळं आहे.”

“होतं. दोन वर्षांपूर्वी हिरवं केलं. तू आठवड्यातून तीनदा त्याच्यावरच्या पेटीत पुडकं ठेवतोस, ग्वाल्तेर.”

“गाडीतून हात काढून ठेवतो. रंग कोण बघतं?”

“चुकलेली चार माणसं बघत होती,” मी म्हटलं. “पुढे.”

पुढे होतं: भुंकणाऱ्या कुत्र्याच्या घरावरून उजवीकडे. कुत्रा म्हातारा झाला होता आणि त्याने या जगातल्या कुणावरही भुंकणं सोडून दिलं होतं. मग: ओढ्यापाशी पांढरा घोडा बांधलेला दिसेल, तिथे ओढा ओलांडा. घोडा विकला होता. ग्वाल्तेरचा आवाज प्रत्येक ओळीला उतरत गेला. शेवटची ओळ त्याने जवळजवळ स्वतःशीच वाचली: “मोठ्या वळणावर एर्मिनियाचं घर. खिडकीतली म्हातारी तुम्हाला हात करील. तिथून समुद्राकडे उतरणारी वाट धरा.”

एर्मिनियाला जाऊन अकरा वर्षं झाली आहेत. तिच्या घराला छप्पर नाही, आत निळी फुलं माजली आहेत. पण गावात अजून कुणी विचारलं की आपण काय सांगतो? एर्मिनियाच्या घरावरून जा. मीही तसंच सांगते. त्या वळणाला दुसरं नाव नाहीच.

“कागद बदलून पाठव,” जोर्दांव म्हणाला.

“कागद तिच्या हातात आहे. काल बोटीवर चढतानाच दिलाय.”

“मग तिला फोन करून सांग.”

“काय सांगू? की मी तपासला नाही?”

त्यावर मी फडक्याखालच्या पायाकडे बघितलं. पीठ फुगायला लागलं होतं. मी विचार केला. खरं सांगायचं तर मी बेलमीराच्या बॅगेचा विचार केला, तिच्या चपलांचा विचार केला, आणि माझ्या भांड्यांवरून फिरणाऱ्या तिच्या बोटाचा विचार केला.

“कागद बदलता येत नाही ना,” मी म्हटलं, “मग गाव बदलू.”

जोर्दांवने माझ्याकडे बघितलं. “म्हणजे?”

“म्हणजे तू फाटक पिवळं कर.”

“दोन डबे हिरवा रंग लागला होता, काकू. त्याच्याआधी तीन दिवस घासलं होतं.”

“मग आता बेलमीरासाठी एक डबा पिवळा लागेल. शाळेत असताना तुझ्या ढोपरावर पट्टी कोण बांधायचं?”

“बेलमीरा मावशी. आणि पट्टी बांधायच्या आधी थोबाडीतही तीच मारायची.”

“दोन्हींची परतफेड कर.”

तो गेला, पण जाताना म्हणाला की घोड्याचं तो काही करू शकत नाही. त्याच्याकडे पांढरी अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे त्याची कालवड. कालवड चालेल, ग्वाल्तेर म्हणाला, सकाळी धुकं असतंच.

त्या रात्री पाय भट्टीतून काढला तेव्हा गुडघा टम्म सुजलेला निघाला. हातातलं काम अर्धं टाकून उठलं की असं होतं. बाकी पाय देखणा होता. मी तो फडताळावर ठेवला आणि संत आमारोला सांगितलं की सूज माझी नाही, परिस्थितीची आहे, आणि बेलमीरा तेवढी खालीच राहू दे.

गुरुवारी नऊ वाजता ग्वाल्तेर मफाल्दाबाईंची बॅग घेऊन माझ्याकडे आला. “हलकी आहे,” तो म्हणाला. “बुटांचा दुसरा जोड नाही. ही नक्की तीच.” त्याचा चेहरा मयताच्या पत्राचा होता. मी त्याला खुर्चीत बसवलं, कॉफी दिली, आणि काळी शाल घेऊन एर्मिनियाच्या घरी गेले.

तिथे जाणं माझ्या मनात नव्हतं. पण गावात म्हाताऱ्या दोनच, एक मी आणि दुसरी ग्वाल्तेरची बायको, आणि तिला एर्मिनियाने जिवंत असताना घरात घेतलं नव्हतं. चौकटीत मी एक पेटी उलटी घालून बसले. पाठीमागून निळ्या फुलांच्या काटक्या टोचत होत्या. मी जपमाळ काढली आणि एर्मिनियाच्या आत्म्यासाठी म्हणायला लागले, म्हणजे तिच्या खिडकीत बसल्याचं निदान भाडं तरी भरलं जावं.

खालच्या बाजूने, धुक्यातून, कुत्रा भुंकला. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं की तो कुत्रा नव्हता. आवाज ओळखीचा होता. ते आमचे हे होते. आमचे हे, आमिल्कार, त्रेचाळीस वर्षांच्या संसारात “हं” आणि “जेवण झालं का” यापलीकडे फारसे गेले नाहीत. भिंतीमागे उभे राहून त्यांनी पाच मिनिटं भुंकण्यात घालवली. इतकं मोठं भाषण मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मग ती दिसली. पन्नाशीची, लाल अंगरखा, गळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात कागद. एका हातात बेलमीराचं पुडकं. दुसरा हात पिवळा. फाटक वाळलं नव्हतं.

ती वळणावर थांबली. कागद वाचला. वर बघितलं. मी हात केला. तिनेही केला, पिवळा. मग समुद्राकडच्या वाटेला लागली. बस, एवढंच. मी रोजचं टिपून ठेवते त्या वहीत त्या दिवसापुढे लिहिलेलं आहे: “हात केला. बोलले नाही.” शनिवारी कबुलीजबाबात फादरनी विचारलं, “खोटं बोललीस?” मी म्हटलं, नाही फादर, नुसता हात केला. “किती वेळा?” एकदाच. पलीकडे खुर्ची करकरली. ते हसत असावेत, पण जाळीतून नीट दिसत नाही.

ती उतरली म्हणजे जिंकलो, असं आम्हाला वाटलं. जोर्दांव येऊन गेला, आमचे हे घसा शेकत बसले. ग्वाल्तेरने दुसरी कॉफी मागून घेतली आणि मफाल्दाबाई कचेरीत काय सांगतील हे तो आम्हाला त्यांच्याच आवाजात सांगू लागला. खुणा अचूक. खुणा अत्यंत अचूक. एका गोष्टीचा विचार मात्र आमच्यापैकी कुणी केला नव्हता. वाटेच्या शेवटी बेलमीरा बसलेली होती, आणि तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

पाच वाजता अंगणात काठीचा आवाज आला. मफाल्दाबाई काठी घेऊन गेल्या नव्हत्या.

दारात बेलमीरा उभी होती. काळा पोशाख, डोक्याला रुमाल, पाठीला गाठोडं. धाप बिलकूल नव्हती. तिच्या मागे मफाल्दाबाई, लालभडक चेहऱ्याच्या, उंबऱ्यावरच बसल्या.

“एर्मिनियाच्या खिडकीत कोण बसलं होतं?” बेलमीरा म्हणाली.

मी म्हटलं, “ये, बैस, नणंदबाई.”

“तिला मी स्वतः आंघोळ घातली. स्वतः तिचे डोळे मिटले. आणि आज ही बाई येऊन सांगते, तुमच्या एर्मिनियाने मला हात केला. मला वाटलं, निवाड्याचा दिवस उजाडला आणि खाली कुणी कळवलं नाही. म्हणून वर आले.”

“तू चढून आलीस?” ग्वाल्तेर खुर्चीतून अर्धा उठला होता, पाय साथ देत नव्हता.

“मग काय उडून? दोन तास लागले. ही बाई चार वेळा बसली, नाहीतर आधीच आले असते.”

“पण दोन वर्षांत तू एकदाही वर आली नाहीस.”

“काम नव्हतं. आणि बोलावलं कुणी?” बेलमीराने गाठोडं टेबलावर ठेवलं आणि सोडलं. आत साखर होती. एक, दोन, तीन पुडकी. मी मोजणं सोडून दिलं. “ही घे तुझी साखर. डॉक्टरांनी मला साखर बंद करून चार वर्षं झाली. आठवड्यातून तीन वेळा एक नवा माणूस घामाघूम होऊन येतो, डोळ्यांत पाणी आणून मला साखर देतो आणि माझा फोटो काढतो. नाही कसं म्हणू? घरात मुंग्या माझ्यापेक्षा जास्त झाल्यात.”

ग्वाल्तेर खाली बसला. “आणि ते फडकं?” त्याने विचारलं. “रोज सकाळी घालतेस ते?”

“तुझ्यासाठी.”

“माझ्यासाठी म्हणजे, तू ठीक आहेस हे मला कळावं म्हणूनच ना.”

“मी ठीकच असते,” बेलमीरा म्हणाली. “तुझा गुडघा गेलाय हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. एकतीस वर्षं उतरून येणारा माणूस वरून भोंगे वाजवायला लागला की न कळायला काय झालं. म्हटलं, पोराला सकाळी उठून काहीतरी बघायला नको का. म्हणून घालते फडकं. पावसातसुद्धा. दोनदा उडून समुद्रात गेलं.”

त्या खोलीत मफाल्दाबाई बसल्या आहेत हे आम्ही चौघं विसरलो होतो. त्यांनी उंबऱ्यावरून विचारलं, “म्हणजे वाट तपासायला हे दोन वर्षं उतरलेच नाहीत?”

ग्वाल्तेरने माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग स्वतःच्या गुडघ्याकडे. टपाल वाटताना त्याने लोकांना वाईट बातम्या बऱ्याच दिल्या होत्या, पण स्वतःची पहिल्यांदाच द्यायची होती.

“नाही उतरलो, बाई,” तो म्हणाला. “डोळे मिटून तपासली.”

“बरं झालं बोललात,” मफाल्दाबाई म्हणाल्या. त्या बूट काढत होत्या. “कारण घोड्याला शिंगं होती. फाटक माझ्या हाताला लागलंय. आणि कुत्रा भुंकता भुंकता मध्येच खोकला आणि ‘देवा’ म्हणाला.”

आमच्या ह्यांनी “हं” केलं आणि गोठ्याकडे निघून गेले.

मी सूप वाढलं. उपाशी बाईपुढे न्यायनिवाडा होऊ नये, आणि माझ्या सुपात रताळी नव्हे, आमच्या खालच्या ओढ्यावरचं खरं अळकुडं होतं, सॉसेज होतं. मफाल्दाबाईंनी दोन वाट्या घेतल्या. मग त्यांनी कागद टेबलावर पसरला आणि आपला निर्णय सांगितला. त्यांना वाट आवडली होती. अशी वाट त्यांच्या यादीत दुसरी नाही, त्या म्हणाल्या. पण खुणा तपासणारा माणूस वाटेवर चालणारा हवा, महिन्यातून एकदा तरी, आणि खुणा अशा हव्यात की ज्या विकल्या जाणार नाहीत, रंगवल्या जाणार नाहीत, मरणार नाहीत. तसा माणूस मिळाला तर वाट राहील. नाही मिळाला तर डांबरी रस्ता.

“जोर्दांव,” ग्वाल्तेर म्हणाला.

“जोर्दांवला लिहिता येतं का? फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ लिहिताना दोन चुका केल्यात,” बेलमीरा म्हणाली. तिने कागद स्वतःकडे ओढला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. प्रत्येक ओळीनंतर ती “मूर्ख” म्हणत होती, अगदी सौम्यपणे. मग बोलायला लागली. “लिहून घ्या, बाई. फाटकापासून दोनशे दहा पावलांवर काळा कातळ, मधोमध चिरलेला. तो माझ्या आजोबांच्या वेळेपासून तसाच आहे. तिथून ओढ्यापर्यंत पाच वेळा ‘नमो मरिये’ म्हणून होतं, घाई न करता. ओढ्यात तीन दगड टाकलेत, मधला हलतो. तो मीच बसवणार होते, पण म्हटलं, हलू दे, लोक जपून तरी चालतील. मोठ्या वळणावर दगडी चौकट, छप्पर नाही.”

“एर्मिनियाचं घर,” ग्वाल्तेर न राहवून म्हणाला.

“कंसात लिहा,” बेलमीरा म्हणाली.

मफाल्दाबाई लिहीत होत्या. मध्येच त्यांनी पेन थांबवलं. “तुम्ही ही वाट नेहमी चालता?”

“अर्ध्यापर्यंत रोज. जप तिथेच करते. देवळात ओल येते.”

मग आमच्यासमोर ठरलं ते असं: बॅगा ग्वाल्तेर वाहणार. खुणा बेलमीरा तपासणार, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी वर येऊन सांगणार, आणि ग्वाल्तेर त्या नीट लिहून कंपनीला पाठवणार. कागदाखाली दोन नावं. आणि पुडक्याची जुनी रीत चालू ठेवायची, कारण माणसांना ती आवडते. मात्र साखरेऐवजी मेणबत्त्या, देवळासाठी.

“शनिवारी वर येऊन कुठे सांगणार?” मी विचारलं.

“इथेच,” बेलमीरा म्हणाली. “टेबल बरं आहे. जरा तेलकट आहे, पण पुसता येईल.”

आदल्या रात्री मी संत आमारोकडे मागितलं होतं की बेलमीरा खाली राहावी. ती खाली राहिली. महिन्यातून एक शनिवार सोडून. संतांशी बोलताना शब्द किती जपून वापरायला हवेत हे मला या वयात कळलं, तेही माझ्याच घरात.

त्या रात्री बेलमीरा त्या खोलीत झोपली, पिको दिसतो त्या. ग्वाल्तेर घरी गेला नाही. दोघं दारात बसून काय बोलले मला माहीत नाही, पण बराच वेळ दोघांपैकी कुणाचाही आवाज चढला नाही, आणि या घराण्यात त्याला फार मोठा संवाद म्हणतात.

सकाळी ती निघाली तेव्हा मी फडताळावरचा पाय कापडात गुंडाळून तिच्या हातात दिला. देवळात ठेव म्हटलं. तिने कापड बाजूला करून बघितलं.

“हा ग्वाल्तेरचा आहे,” ती म्हणाली.

“कशावरून?”

“गुडघ्यावरून.” तिने तो पुन्हा गुंडाळला, पोर उचलावं तसा कडेवर घेतला आणि काठी टेकत निघाली. पिवळ्या फाटकाशी जरा थांबली, बोट लावून बघितलं, रुमालाला पुसलं. मग धुक्यात शिरली.

ग्वाल्तेर गाडीपाशी उभा राहून वाटेकडे बघत होता. दीड तासाने तो कड्याच्या टोकाशी गेला, मीही गेले. खाली भिंतीवर पांढरं फडकं पडलं. त्याने तीनदा भोंगा वाजवला.

“आता कशाला वाजवतोस?” मी म्हटलं. “तिला सगळं कळलंय, तुलाही कळलंय.”

“वहिनी,” तो म्हणाला, “ती फडकं कशाला घालते?”

तो गाडीत बसला, उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला आणि घड्याळ बघितलं. त्याला दुपारच्या आत मफाल्दाबाईंची बॅग पुढच्या मुक्कामी, तोपोला, पोचवायची होती.